वार्धक्यवेतन आणि मुलाची मिळकत

उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, महापूजा आटोपल्यावर आणि प्रसादाच्या पंगती बसण्यापूर्वी, देवळाच्या ओसरीवर आमच्यापुढे कागदांचा ढीग साचतो. पूजाअर्चा वडिलांकडे आणि लिहिण्याभरण्याचे काम आमच्याकडे, अशी आमच्या घरची वाटणी आहे. कोणास बँकेचे पत्र वाचून हवे असते, कोणास रेशन कार्डावरील नाव दुरुस्त करून हवे असते. गेल्या उत्सवात त्या गर्दीत दोघी सख्ख्या बहिणी आल्या. दोघीही सत्तरी ओलांडलेल्या, दोघीही विधवा, दोघीही मुलापाशी राहणाऱ्या. थोरली बेळगावात दिलेली. धाकटी सीमेपलीकडे, महाराष्ट्रातील एका खेड्यात. आपल्या भागातील सोयरिकी दोन्ही बाजूंस आहेत, तेव्हा ह्यात नवल काहीच नाही. नवल पुढेच आहे. थोरलीस सरकारकडून दरमहा बाराशे रुपये मिळतात. धाकटीस एक पैही मिळत नाही; आणि धाकटीचा मुलगा थोरलीच्या मुलापेक्षा कमी मिळवतो.

धाकट्या आजींनी पिशवीतून एक कोरा अर्ज काढला व आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "बाळा, मुलगा वेगळा राहतो म्हणून तेवढं लिही की रे."

तो मुलगा त्या वेळी समोरच्या अंगणात पंगतीसाठी पाण्याच्या कळशा वाहत होता. पहाटे आईला मोटारसायकलवर मागे बसवून त्यानेच आणले होते.

ह्या एका ओळीने आम्हांस पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्या आजींच्या घरची गोष्ट चारचौघांत नेण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून नावगाव दिलेले नाही. परंतु प्रश्न सर्वांच्याच घरचा आहे. म्हातारपणी माणसाची गरज मोजावयाची ती त्याच्या स्वतःच्या गाठीस काय आहे हे पाहून, की त्याचा मुलगा काय मिळवतो हे पाहून?

प्रथम नियम काय आहेत ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांस ते ठाऊक नाहीत. कर्नाटकात २००७ साली संध्या सुरक्षा योजना आली. पासष्ट वर्षांवरील गरीब शेतकरी, शेतमजूर, विणकर, कोळी अशांसाठी ती आहे. आरंभी तिच्यात दरमहा ४०० रुपये मिळत. हिच्यात उत्पन्न पाहावयाचे ते अर्जदाराचे व त्याच्या पतीचे वा पत्नीचे मिळून. आरंभी ही मर्यादा वर्षाला २०,००० रुपये होती. त्या दोघांची ठेवही १०,००० रुपयांहून अधिक असू नये असे ठरले. म्हणजे हिशेब नवराबायकोपाशी थांबतो. महाराष्ट्रात ह्याच वयाच्या माणसांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. तेथे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहतात आणि ते २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. कुटुंब म्हटले की मुलाची मिळकत आली. थोरलीस मिळते व धाकटीस मिळत नाही, ह्याचे कारण एवढेच. घाटातली वाट ओलांडली की त्याच म्हातारपणास दुसरे माप लागते.

आता २१,००० रुपये म्हणजे किती, ह्याचा हिशेब आम्ही ओसरीवरच केला. महिन्याचे १,७५० होतात. घरात पाच माणसे असतील तर माणशी ३५०, आणि दिवसाला बारा रुपयांहूनही कमी. गवंड्याच्या हाताखाली विटा देणाऱ्यासही आज महिन्याचे हे पैसे आठवड्याभरात मिळतात. ह्याच योजनेतील रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. ती वर्षाची १८,००० होते. एकट्या म्हातारीस जगण्यास वर्षाला १८,००० द्यावेत असे जेथे सरकारलाच वाटते, तेथे सगळ्या घरास मिळून २१,००० असले की त्या घरातील म्हातारीची गरज भागली असे धरले जाते. एवढ्या कमी उत्पन्नावर कोणतेही काम करणारे घर उभे राहत नाही. तेव्हा हा दाखला ज्यांस मिळतो त्यांतील कित्येकांच्या दाखल्यात काही ना काही दडवलेले असणारच. जो खरे सांगेल तो बाहेर. (ह्या रकमेस निवृत्तीवेतन म्हणतात, हेही आम्हांस थोडे गमतीचे वाटते. ज्या बाईने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या शेतात भाताची लावणी केली तिला निवृत्ती कोणी दिली, आणि केव्हा?)

परंतु सरकारास दोष देऊन मोकळे होणे आम्हांस बरे वाटत नाही. योजनेचे नावच पाहावे. श्रावणाने आंधळ्या आईबापांस कावडीत घालून तीर्थे दाखविली, ही कथा आपण मुलांस सांगतो. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने साक्षात् देवास विटेवर थांबविले, हे आपण दर आषाढीस अभिमानाने सांगतो. आमच्यात म्हातारी माणसे उघड्यावर पडत नाहीत, आमची कुटुंबपद्धती थोर, पाश्चात्त्यांप्रमाणे आम्ही आईबापांस दूर ठेवीत नाही, असे देवळातील व्याख्यानांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कायदा करणाऱ्यांनीही तेच ऐकले असावे. केंद्र सरकारने १९९५ साली जी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजना आणली तीत दरमहा ७५ रुपये मिळत, आणि पात्र कोण, तर ज्यास स्वतःच्या मिळकतीतून किंवा कुटुंबीयांच्या मदतीतून निर्वाहाचे नियमित साधन नाही असा निराधार. २००७ साली तिचे नाव बदलून ती दारिद्र्यरेषेखालील सर्व वृद्धांस लागू झाली, पण ती रेषाही माणसाची नव्हे, घराची मोजतात. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांचे पोषण मुलगा व मुलगी दोघांवरही बंधनकारक केलेच होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तर न्यायाधिकरणापुढे अर्ज करून मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागण्याची सोय केली. ह्या सर्वांमागे एकच समजूत आहे: घर एक आहे, आणि घरातील पैसा घरातील सर्वांचा आहे. आपण स्वतःविषयी जे बोललो ते कायद्याने खरे मानले.

ते खरे आहे काय? येथे आम्ही वाचक भगिनींनाच साक्षीस बोलावू. मुलगा आईस जेवू घालतो, लुगडे घेतो, आजारात डॉक्टरकडे नेतो. धाकट्या आजींचा मुलगा हे सर्व करतो. त्याच्याविषयी वावगा शब्द काढण्यास जागा नाही. तथापि चष्म्याची काडी मोडली तर तो पैसे मागेपर्यंत दोन महिने ती दोऱ्याने बांधून वापरावी, लेक माहेरी आली तर तिच्या ओटीचे सामान सुनेकडे मागावे, नातवाने बोराची पुडी मागितली तर पदराची गाठ सोडण्याचा आव आणावा आणि गाठीत काहीच नसावे, हा अनुभव कोणत्या उत्पन्नाच्या दाखल्यात येतो? मुलगा वाईट असावा लागत नाही. त्याला स्वतःच्या मुलांची फी भरावयाची असते, हप्ते असतात. तो आईकडे पाहून पैसे नाहीत असे म्हणत नाही. आईच त्याच्याकडे पाहून मागत नाही. घरात आलेला पैसा आणि म्हातारीच्या हातात आलेला पैसा ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

थोरल्या आजींचे आम्ही पाहिले आहे. पूर्वी आरतीचे तबक पुढे आले की त्या दोन्ही हातांनी ज्योतीस नमस्कार करीत आणि तबक पुढे जाई. वेतन चालू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी तबकात दहा रुपयांची नोट घातली. वडिलांनी सहज म्हटले, "आजी, आज काय विशेष?" त्या म्हणाल्या, "विशेष काय, माझेच आहेत." ती दहा रुपयांची नोट देवस्थानास फार मोठी नव्हे. परंतु 'माझेच आहेत' हे शब्द ती बाई बहुधा चाळीस वर्षांनी उच्चारीत होती.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असेही नव्हे. इंग्लंडात १९०८ साली वार्धक्यवेतनाचा कायदा झाला आणि १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या माणसांस आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. उत्पन्न पाहात, पण ते त्या म्हाताऱ्याचे किंवा नवराबायकोचे. पुढे मंदीच्या काळात, १९३१ साली, बेकारांच्या मदतीस सबंध घराच्या उत्पन्नाची कसोटी लावण्यात आली. मुलगा किंवा मुलगी कमवू लागली की बापाची मदत तेवढी कापली जाई. परिणाम काय झाला? कमावती मुले घर सोडून भाड्याच्या खोलीत राहावयास गेली. कित्येक खरोखर गेली, कित्येक कागदावर गेली. बाप मुलाच्या जिवावर जगतो ही लाज बापास, आणि आपल्या पगारामुळे बापाचा पैसा बुडतो हा सल मुलास. १९४० साली वृद्धांस पुरवणी वेतन देऊ केले त्यासही हीच कसोटी होती. त्यावर इतकी नाराजी झाली की महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ साली, ती काढून टाकण्यात आली, आणि मुलाची सगळी मिळकत मोजण्याऐवजी त्याच्या घरखर्चातील ठराविक वाट्यापुरताच विचार करण्याचे ठरले. ज्या लोकांस आपण कुटुंब न जाणणारे म्हणतो त्यांनी हा कायदा कुटुंब मोडतो म्हणून रद्द केला; आणि कुटुंबाची थोरवी गाणारे आपण तोच चालवितो. हे लिहिताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, पण न लिहिणे खोटेपणाचे झाले असते.

ह्या विषयावर आमच्या एका ज्येष्ठ सभासदांशी बोलणे झाले. ते निवृत्त शिक्षक आहेत व त्यांचा आम्हांस आदर आहे. ते म्हणाले, "मुलाची मिळकत पाहू नये म्हणतोस, मग ज्याचा मुलगा बंगल्यात राहतो त्याच्या आईलाही देणार काय? पैसा सरकारचा असला तरी अपुरा आहे. तिला दिलेले दुसऱ्या कोणा खरोखर निराधार बाईच्या ताटातून जाईल." ह्या म्हणण्यात तथ्य आहे हे आम्ही मान्य केले पाहिजे. ज्या म्हातारीस मुलगाच नाही, ती आणि धाकट्या आजी ह्यांची गरज एक नव्हे. केंद्र सरकारचा हिस्सा साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसामागे दरमहा २०० रुपये आहे, तो २००६ पासून तेवढाच राहिला; ह्यावरून पैशाची ओढ किती आहे ते दिसते. नेपाळने १९९५ साली पंचाहत्तरीच्या पुढील सर्वांस, उत्पन्न न पाहता, दरमहा १०० रुपये देण्यास आरंभ केला. कोणासही दाखला मागितला नाही म्हणून खोटा दाखलाही कोणी केला नाही. परंतु आपल्या देशात वृद्धांची संख्या मोठी, आणि सर्वांस देऊ केले तर रक्कम नावापुरती होईल, ही भीती खोटी नाही.

आम्ही गुरुजींना नम्रपणे एकच विचारले. "आपल्याला निवृत्तीवेतन येते, तेव्हा आपल्या चिरंजीवांचा पगार कोणी विचारतो काय?" ते हसले व म्हणाले, "ते माझ्या नोकरीचे आहे." ते त्यांच्या नोकरीचे आहेच. पण मग प्रश्न असा उभा राहतो, की चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईची नोकरी कोणी मोजली नाही, म्हणून तिच्या म्हातारपणी मुलाचा पगार मोजावयाचा काय? गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निदान पतिपत्नीपाशी थांबावे, हे मला पटते. बंगलेवाल्यास वगळावयाचे तर मुलगा प्राप्तिकर भरतो की नाही एवढे पाहावे. रोजगाऱ्याच्या घरात शिरू नये." आमचेही मत आता ह्याच जागी येऊन ठेपले आहे. आमच्याहून जाणते वाचक ह्यात भर घालतील.

आता त्या ओळीकडे वळू. मुलगा वेगळा राहतो.

लिहून द्यावे असे आम्हांस क्षणभर वाटले, हे कबूल करतो. नियमच असा आहे की तो कोणी पाळू शकत नाही. मग आम्ही एकट्यानेच सत्याचा टेंभा मिरवून काय मिळणार? वृद्ध मातापित्यांच्या पोषणासाठी नको ती कामे करावी लागली तरी करावीत, अशा आशयाचे एक वचन मनूच्या नावाने सांगतात. आम्ही ते वडिलांपुढे ठेवले. वडील म्हणाले, "ते वचन मुलास सांगितलेले आहे. पाप करावयाचे तर मुलाने आपल्या डोक्यावर घ्यावे. येथे अंगठा कोणाचा?"

अंगठा आजींचा होता. मुलगा मला सांभाळत नाही, ह्याखाली आईचा अंगठा. आणि त्याच सकाळी त्या बाईंनी मुलाच्या नावे अभिषेक केला होता. आपल्या देवळात संकल्प सोडताना पुजारी यजमानाचे नाव व गोत्र घेऊन सहकुटुंब सहपरिवार असा उच्चार करतो. दहा वाजता वडिलांनी त्या मायलेकरांस, सुनेस व नातवंडांस एका संकल्पात बांधले. बारा वाजता त्याच ओसरीवर आम्ही त्यांस वेगळे करावयाचे होते. त्या आजींना त्यात विसंगती दिसत नव्हती. देवाकडे खरे सांगावे, कचेरीत चालेल ते सांगावे, असा व्यवहार त्या शिकल्या होत्या, आणि तो त्यांस कोणी शिकविला हेही आपण जाणतो.

आम्ही खरे तेच लिहिले. मुलापाशी राहते, मुलगा मजुरीवर आहे, स्वतःचे उत्पन्न काही नाही. शेवटी एक वाक्य आपल्या मनाने घातले, की अर्जदाराच्या हाती दरमहा खर्चास काहीही येत नाही. अर्ज कचेरीतून परत आला. उत्पन्न मर्यादेहून अधिक, एवढेच त्यावर होते.

हे आम्ही अभिमानाने सांगत नाही. आमचे हात स्वच्छ राहिले, पण त्याची किंमत वर्षाला १८,००० रुपये, आणि ती आम्ही भरली नाही, त्या आजींनी भरली. दुसऱ्याच्या पैशाने सत्य बोलणे किती सोपे असते हे तेव्हा कळले. वडिलांपाशी हे बोललो तेव्हा ते काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या आजीच्या उशाखाली, न सांगता, शंभर रुपये ठेवले. आमची आजी आमच्याच घरी असते, दोन वेळ जेवते, तिला काही कमी आहे असे आम्हां कोणासही कधी वाटले नव्हते. ते पैसे तिने परत आणून वडिलांसमोर ठेवले, पडले होते म्हणून. तुझेच आहेत असे तिला तीन वेळा सांगावे लागले. आता दर महिन्याच्या एकादशीस ते तिच्या हातात देतात. त्याचे ती काय करते हे कोणी विचारीत नाही. पहिले दोन महिने विचारावेसे फार वाटे.

यंदाच्या उत्सवास दोघी बहिणी पुन्हा आल्या. धाकट्या आजींनी मुलाच्या नावे अभिषेक सांगितला व पावतीसाठी पैसे पदराच्या गाठीतून सोडले. ह्या खेपेस अर्ज त्यांनी आमच्याकडे आणला नव्हता; आणि आम्हीही त्यांस काही विचारले नाही.